काम बदललं, आता वर्दीवरची जुनी चिन्हं ठेवायची की उतरवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैन्यात भरती झाल्यापासून पेन्शनीत निघेपर्यंत एकच काम केलं, असे सैनिक असतात. पण काम बदललेलेही कमी नसतात. कुणी पायदळातून सिग्नलला जातो, कुणी गुडघा निकामी झाल्यामुळे छत्रीधारी (पॅराशूटने उतरणारं) युनिट सोडून स्टोअर सांभाळतो, कुणी मेडिकलमधून लढाऊ तुकडीत येतो. बदलीचा कागद एका दिवसात हातात पडतो. छातीवर, खांद्यावर, टोपीवर जे वर्षानुवर्षं मिरवलं त्याचं काय करायचं, याचं उत्तर मात्र त्या कागदावर नसतं. प्रत्येक सैन्याचं ड्रेस रेग्युलेशन वेगळं आहे, तरी बऱ्याच सैन्यांचे नियम शेजारी ठेवून वाचले की त्यामागचा विचार सारखाच दिसतो. तो मला बहुतेक ठिकाणी पटतो. जिथे पटत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

एका वाक्यात सांगा: ठेवायची की काढायची?

जे स्वतः कमावलं ते ठेवायचं, जे नेमणुकीबरोबर आलं ते नेमणुकीबरोबर परत करायचं. डॉक्टरने दवाखाना बंद केला म्हणून त्याची पदवी जात नाही, पण दारावरची पाटी उतरते. वर्दीवर पदव्याही असतात आणि पाट्याही असतात. लांबून दोन्ही सारख्याच चमकतात, म्हणून घोळ होतो.

मग पदवी कोणती आणि पाटी कोणती, हे ओळखायचं कसं?

चिन्हाला एक प्रश्न विचारा: ‘तू माझ्याबद्दल कोणत्या काळातली गोष्ट सांगतोस?’ मेडल, लढाईचा बॅज, जखमेबद्दलचा सन्मान हे झालेली गोष्ट सांगतात. झालेली गोष्ट बदलत नाही. पॅराशूटचे पंख, वैमानिकाचे विंग्ज, पाणबुडीचा बिल्ला हे अंगात आलेलं कौशल्य सांगतात. तेही सहसा राहतं. रेजिमेंटची टोपी, कोअरचा (सिग्नल, मेडिकल अशा शाखेचा) कॉलर बॅज, लॅन्यार्ड म्हणजे खांद्यावरची दोरी, युनिटचा पॅच हे सांगतात की आज हा माणूस कुणाचा आहे आणि काय काम करतो. आजची गोष्ट बदलली की हे चिन्ह खोटं बोलायला लागतं.

अमेरिकी सैन्यात हा फरक जोड्यांमध्ये फार स्वच्छ दिसतो. रेंजर स्कूल हा खडतर कोर्स पास केला की मिळणारी ‘रेंजर टॅब’ ही खांद्यावरची पट्टी कायमची. पुढे तो सैनिक कुठल्याही शाखेत जावो, डाव्या खांद्यावर टॅब राहतो. पण ७५व्या रेंजर रेजिमेंटचा ‘स्क्रोल’ हा युनिटचा पॅच आहे. रेजिमेंट सोडली की डाव्या बाहीवरून तो उतरतो. दुसरी जोडी पॅराशूटची: पंख कमावलेले, म्हणून राहतात, मरून बेरे (मऊ गोल टोपी) छत्रीधारी युनिटची, म्हणून त्या युनिटमध्ये असेपर्यंतच. गंमत अशी की त्या युनिटमध्ये नेमलेला, पण कधीही उडी न मारलेला सैनिकसुद्धा मरून बेरे घालतो, आणि शेकडो उड्या मारलेला सैनिक दुसरीकडे गेला की ती काढून ठेवतो. तिसरी जोडी ड्रिल सार्जंटची, म्हणजे नव्या भरतीला शिकवणाऱ्याची. ती प्रसिद्ध रुंद कडांची हॅट काम करत असेपर्यंत डोक्यावर. ओळखबॅज मात्र ठराविक सेवा नीट पूर्ण केली तर पुढेही छातीवर ठेवता येतो.

या जोड्या बनवणाऱ्यांनी डोकं लढवलं आहे. माणसाकडून सगळं काढून घेतलं नाही आणि सगळं त्याच्याकडे राहूही दिलं नाही.

पायदळाची निळी दोरी घालून मी लढलो आहे. आता ट्रेड (कामाचा प्रकार) बदलला तर ती का काढू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त मनापासून विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकी पायदळाची निळी दोरी कोरियन युद्धाच्या काळात आली. तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल जे. लॉटन कॉलिन्स यांनी १९५२ मध्ये तिला मान्यता दिली. सगळ्यात जास्त चिखल, थंडी आणि गोळ्या ज्याच्या वाट्याला येतात त्या पायदळी सैनिकाचा मान वाढावा, हा हेतू. ती उजव्या खांद्यावरून, काखेखालून जाते. ट्रेनिंग संपताना ती पहिल्यांदा खांद्यावर चढते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. साहजिकच ती काढायची म्हटलं की आपल्यातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

तरीही ती काढावी असंच माझं मत आहे. दोरी घालून लढलात, पण दोरी लढाईबद्दल मिळालेली नव्हती. ज्याने एकही गोळी ऐकली नाही अशा नव्या पायदळी सैनिकालाही ती मिळते. ‘मी पायदळाचा आहे’ एवढंच ती सांगते. तुम्ही लढलात हे सांगायला दुसरा बॅज आहे: लढाऊ पायदळ सैनिकाचा, निळ्या पट्टीवर लांब बंदूक आणि मागे ओकच्या पानांची माळ. तो १९४३ मध्ये सुरू झाला, पायदळी सैनिकाने प्रत्यक्ष जमिनीवरच्या लढाईत भाग घेतला तरच मिळतो, आणि एकदा मिळाला की पुढे तुम्ही स्वयंपाकी व्हा, कारकून व्हा किंवा मेकॅनिक, तो छातीवरच राहतो. दोरीपेक्षा तो कितीतरी जास्त बोलतो.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. अनोळखी अधिकारी पंचवीस जणांच्या घोळक्यातून ‘पायदळाचे कोण?’ हे खांदे बघूनच ठरवतो. तिथे जुन्या आठवणीसाठी ठेवलेली दोरी त्याला चुकीची माहिती देते.

नव्या युनिटमध्ये सगळे टेक्निकल. तिथे मी लढाईचा बॅज लावला तर मिरवतोय असं वाटेल का?

वाटलं तर वाटू द्या. आदेशाने मिळालेला बॅज लावणं ही बढाई नव्हे. उलट टेक्निकल युनिटमधल्या नव्या मुलांना तो दिसलेला बरा. वायरलेस बंद पडला तर पलीकडे काय होतं हे ज्याने अनुभवलं आहे, असा माणूस आपल्यात आहे, हे त्यांना न सांगता कळतं.

सगळंच लावलं पाहिजे अशी सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. अमेरिकी सैन्यात उजव्या बाहीवर ज्या युनिटबरोबर तुम्ही युद्धक्षेत्रात होतात त्याचा पॅच लावता येतो. अशी दोन-तीन युनिट्स असतील तर त्यांपैकी कोणता लावायचा हे सैनिक ठरवतो, आणि कोणताच लावायचा नसेल तरी चालतं. डाव्या बाहीवर मात्र आजचं युनिट, तिथे निवड नाही. एकाच शर्टावर एका बाहीला भूतकाळ आणि दुसऱ्या बाहीला वर्तमान, ही माझ्या मते जगातली सगळ्यात समंजस व्यवस्था आहे. काम बदललेल्या सैनिकाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मी मेडिकलमध्ये होतो. आता रायफल घेऊन लढाऊ तुकडीत आहे. रेड क्रॉसची पट्टी ठेवू का?

नाही. इथे आवडीनिवडीचा किंवा परंपरेचा प्रश्नच येत नाही. हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे.

१९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातलं ४०वं कलम सांगतं की वैद्यकीय सैनिकाने डाव्या दंडावर, पाण्याने खराब न होणारी, रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंटसारखं चिन्ह असलेली पट्टी बांधायची. ती सैन्याने दिलेली आणि शिक्का मारलेली हवी, सोबत ओळखपत्रही हवं. ज्यांचं पूर्णवेळ काम जखमींना शोधणं, उचलणं, उपचार करणं हेच आहे, त्यांच्यासाठी ती आहे. जे एरवी दुसरं काम करतात आणि गरज पडेल तेव्हा स्ट्रेचर उचलतात, त्यांच्यासाठी ४१वं कलम आहे: पांढरी पट्टी, मध्ये लहान चिन्ह, आणि तीही वैद्यकीय काम चालू असेल तेवढाच वेळ. म्हणजे करार करणाऱ्यांनी ‘काम बदललं तर चिन्ह काढा’ हा नियम तासांच्या हिशेबात लिहून ठेवला आहे.

कारण उघड आहे. त्या पट्टीकडे बघून समोरचा शत्रू गोळी थांबवतो. पट्टी बांधलेल्या माणसाने एकदा गोळी झाडली की पुढच्या वेळी खऱ्या मेडिकलवाल्यासाठी कुणी थांबणार नाही. १९७७ च्या पहिल्या पूरक करारानुसार, या चिन्हाचा आडोसा घेऊन विश्वासघाताने शत्रूला मारणं हा युद्धगुन्हा आहे. चुकून राहिलेली पट्टी म्हणजे लगेच युद्धगुन्हा होत नाही, पण रणांगणावर हेतू विचारायला कुणाला वेळ नसतो.

तुमचं मेडिकलचं वर्तमान संपलं, भूतकाळ नाही. अमेरिकी सैन्याचा लढाऊ वैद्यकीय बॅज १९४५ पासून आहे. तो मिळवलेला सैनिक पुढे रायफलमन झाला तरी बॅज राहतो, कारण तो कुणालाही गोळी थांबवायला सांगत नाही. पट्टी सांगते.

दुखापतीमुळे मला जबरदस्तीने काम बदलावं लागलं. मलाही हेच नियम लावणार?

हो, लावतात. आणि इथे मला नियम कोरडा वाटतो.

स्वतःहून दुसरा ट्रेड मागणाऱ्याने विचार करून पाऊल उचललेलं असतं. मेडिकल बोर्डाने खालची कॅटेगरी दिलेल्या सैनिकाचं तसं नसतं. पाठीचा कणा किंवा गुडघा त्याने त्याच कामात घालवलेला असतो, आणि वर त्याच कामाची खूण उतरवायला सांगितलं जातं. दोन्हींना एकच फॉर्म आणि एकच ‘उतरवा’ पुरेसा नाही.

नियम मोडा असं मी म्हणणार नाही. युनिटने करण्यासारख्या गोष्टी आहेत. जाणाऱ्याची बेरे किंवा लॅन्यार्ड स्टोअरमध्ये जमा करून घेण्याऐवजी कमांडिंग ऑफिसरने सगळ्यांसमोर ती त्याच्या हातात द्यावी, वर्दीवर घालण्यासाठी नाही तरी त्याच्या मालकीची म्हणून. रेजिमेंटच्या स्नेहमेळाव्याला बोलावण्याच्या यादीत त्याचं नाव ठेवावं. आणि निघण्यापूर्वी त्याच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येक कोर्स, प्रत्येक पात्रता चढली आहे का ते बघावं. कागदात नोंद नसल्यामुळे कमावलेला बॅजही लावता न येणं, हा यातला सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि तो एका सहीने टळतो.

भारतीय सैन्यात त्या सहीची जागा म्हणजे पार्ट टू ऑर्डर, सैनिकाच्या रेकॉर्डमध्ये नोंद चढवणारा युनिटचा आदेश. युनिट सोडण्याआधी क्लार्कच्या टेबलापाशी उभं राहून नोंदी तपासून घ्या. नंतर दोन हजार किलोमीटरवरून पत्रव्यवहार करणं फार जड जातं.

मी काही काळासाठीच दुसऱ्या युनिटमध्ये आहे. त्यांचं चिन्ह लावू की माझं?

बहुधा दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी. ब्रिटिश सैन्यात इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनिअर्सचा माणूस पायदळाच्या पलटणीबरोबर वर्षानुवर्षं राहिला तरी टोपीवरचा बॅज त्याच्या कोअरचाच असतो. पलटणीची ओळख बाहीवरच्या छोट्या फ्लॅशमधून, म्हणजे रंगीत कापडी तुकड्यातून, दिसते. भारतात राष्ट्रीय रायफल्स १९९० मध्ये उभी राहिली ती अशाच लोकांवर. वेगवेगळ्या रेजिमेंट आणि कोअरमधून सैनिक येतात, कार्यकाळ पूर्ण करतात आणि मूळ घरी परततात. पाहुणा म्हणून मिळालेलं चिन्ह परतताना तिथेच राहतं. तिथे मिळवलेलं शौर्यपदक अर्थातच बरोबर येतं.

मी बदललो नाही, माझी रेजिमेंटच बदलली किंवा बंद झाली. आता?

फाळणीच्या वेळी हा प्रश्न हजारो सैनिकांसमोर एका रात्रीत उभा राहिला. फील्ड मार्शल सॅम माणेकशा मूळचे १२व्या फ्रंटियर फोर्स रेजिमेंटचे. त्यांचा मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक १९४२ च्या ब्रह्मदेशातल्या लढाईतला, त्याच रेजिमेंटमध्ये असतानाचा. १९४७ ला ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. पुढे देशाने त्यांना ओळखलं ते ८ गोरखा रायफल्सच्या तिरप्या टोपीत. जुन्या रेजिमेंटचा बॅज गेला, मिलिटरी क्रॉस छातीवर तसाच राहिला. वर सांगितलेला नियम एका माणसाच्या आयुष्यात याहून स्पष्ट दिसणार नाही.

विलीनीकरणात मात्र चिन्हं वाचवताही येतात, कारण तिथे निर्णय सैनिकाच्या हातात नसला तरी सैन्याच्या हातात असतो. १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या लढाईत ब्रिटिशांची २८वी पलटण पुढून आणि मागून एकाच वेळी हल्ला झाल्यावर पाठीला पाठ लावून लढली. म्हणून त्यांच्या वारसांनी टोपीच्या मागच्या बाजूलाही बॅज लावला. त्या वारसांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंट १९९४ मध्ये विलीन झाली, ती नवी रेजिमेंटही २००७ मध्ये ‘द रायफल्स’मध्ये गेली, तरी समारंभाच्या टोपीवरचा तो मागचा बॅज चालूच आहे. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या रेजिमेंट एकत्र केल्या तेव्हा त्यातल्या ब्लॅक वॉच रेजिमेंटच्या सैनिकांना सगळ्यात जास्त काळजी टोपीवरच्या लाल तुऱ्याची होती. ते नव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन झाले, लाल तुरा राहिला.

थोडी कापडी आणि पिसांची तडजोड केली तर माणसं मोठा बदल पचवतात. हिशेब मांडणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

हे सगळं जवानांसाठीच का? मोठ्या अधिकाऱ्यांचं काय?

भारतीय सैन्याने याचं उत्तर १ ऑगस्ट २०२३ पासून दिलं. ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरचे हुद्द्याचे बॅज, गॉर्जेट पॅच (कॉलरवरची पट्टी), बेल्ट आणि बूट एकसारखे झाले; लॅन्यार्ड बंद झाली. कर्नल आणि त्याखालच्यांना बदल नाही. ब्रिगेडियरच्या हाताखाली अनेक रेजिमेंटच्या पलटणी असतात, त्या सगळ्यांना तो आपला वाटला पाहिजे, हा त्यामागचा विचार. काळ्या, मरून, हिरव्या टोप्यांमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सोपं गेलं नसणार. निर्णय मात्र योग्य होता: त्यांचं काम बदललं होतं, तर चिन्हही बदललं.

बदली झाली आहे, नव्या ट्रेडचा कोर्स अजून चालू आहे. या मधल्या काळात काय लावू?

आदेशावरची तारीख येईपर्यंत जुनंच. कोर्स पास व्हायच्या आत नवं चिन्ह लावू नका, आणि भावनेच्या भरात जुनं आधीच काढूही नका. स्थानिक आदेश वेगळा असेल तर तो लेखी मागा.

शिवलेला पॅच काढल्यावर कापडावर डाग राहतो. त्याचं काय?

तो डाग नसतो. पॅचखालचं कापड ऊन आणि धुलाईपासून वाचलेलं असतं, म्हणून तेवढा चौकोन किंवा ढालीचा आकार गडद दिसतो, भोवती सुयांच्या भोकांची रांग. धागा ब्लेडने ओढू नका, कापड फाटतं. उलट्या बाजूने टाके एकेक करून उसवा, ओल्या कापडावरून इस्त्री फिरवा. भोकं बरीचशी मिटतात. रंगाचा फरक मिटत नाही. नवा पॅच त्याच आकाराचा असेल तर झाकला जातो, नसेल तर तो शर्ट रोजच्या फटिगसाठी (अंगमेहनतीच्या कामासाठी) ठेवा आणि परेडसाठी नवा घ्या. वेल्क्रोच्या वर्दीत हा त्रास नाही, पण वेल्क्रोमुळेच जुना पॅच चुकून तसाच राहतो.

एवढ्याशा कापडासाठी सैनिक इतके हळवे का होतात?

सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकी नौदलाने खलाशांच्या कामांची जुनी नावं रद्द केली. पगार कमी झाला नाही, हुद्दा गेला नाही. फक्त ‘मी अमुक कामाचा’ हे नावातून गेलं. विरोध इतका झाला की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नौदलाने नावं परत दिली. २००१ मध्ये काळी बेरे सगळ्या अमेरिकी सैन्याला दिली गेली तेव्हाही रेंजर्स आणि त्यांचे माजी सैनिक असेच दुखावले. शेवटी रेंजर्सनी तपकिरी बेरे घेतली. खलाशांकडून खूण काढून घेतली म्हणून राग आला, रेंजर्सना त्यांची खूण सगळ्यांना वाटली म्हणून. सैनिक घरदार सोडून येतो, तेव्हा ‘हे माझे लोक’ म्हणण्याचा हक्क हीच त्याची मोठी कमाई असते. हा हळवेपणा सैन्याने स्वतः मेहनतीने तयार केलेला आहे. काढून घेताना त्याची चेष्टा करू नये.

पुस्तक म्हणतं ठेव, नवा सुभेदार म्हणतो काढ. कुणाचं ऐकू?

परेडवर वाद घालू नका, त्या दिवशी काढा. नंतर नियमाचं पान आणि तुमच्या नोंदीची प्रत घेऊन साहेबांना विनंतीवजा भेटा. कायमस्वरूपी बॅज काढून घ्यायचा अधिकार सहसा युनिटच्या पातळीवर नसतो. त्यासाठी ठराविक कारणं आणि वरचा आदेश लागतो. अनौपचारिक परंपरांचं उलट आहे. अमेरिकी घोडदळाच्या वारशाची स्टेट्सन हॅट आणि टाचेला लावायचे स्पर्स (घोडेस्वाराचे काटे) नियमाच्या पुस्तकात नाहीत, कमांडरच्या मर्जीवर चालतात. नव्या युनिटचा कमांडर नाही म्हणाला तर तो विषय तिथेच संपला.

निवृत्तीनंतर कोणती चिन्हं लावू शकतो?

मेडल कायम तुमची. समारंभाला कोटावर लावा. वर्दी घालण्याबाबत आपापल्या सैन्याची परवानगी आणि प्रसंग बघा. पेन्शनीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती झालात, तर कोअरचं चिन्ह त्यांचं आणि मेडल जुन्या सेवेची.

जुनी चिन्हं नातवाला किंवा मित्राला गंमत म्हणून वर्दीसकट देऊ नका. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिक नसलेल्याने सैनिकाचा पोशाख घालणं किंवा त्याची खूण वागवणं हा भारतात गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १४० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १६८. जुनी वर्दी टाकायची असेल तर आधी प्रत्येक बॅज, बटण आणि फ्लॅश काढून घ्या आणि मगच कापड द्या.